खुंट्या

कीथली. स्पेलिंग वाचून उच्चार केलात की चुकलात.
बत्तीस वर्षांपूर्वी मीही चुकले होते, लीड्सच्या तिकीट खिडकीवर.
गावाच्या चढावर ही शाळा,
गिरण्यांच्या धुरानं काळी पडलेली, आता धुतलेली,
म्हणजे पुढून.
मागची बाजू पैसे संपले म्हणून काळीच राहिली.

मध्ये काही वर्षं इथे गालिच्यांचं गोदाम होतं,
मग नुसती कबुतरं.
काउन्सिलनं इमारत दिली एका पौंडाला.
कबुतरं फुकट.

दोन दारं. एकावर दगडात कोरलंय मुलगे, दुसऱ्यावर मुली.
चाकाच्या खुर्चीचा उतार मुलींच्या दाराला बसला,
म्हणून सगळे आता तिथूनच येतात,
क्लिफर्डसुद्धा, जो इथेच शिकला,
आणि आत पाऊल टाकण्याआधी अजून मागे वळून बघतो.
म्हणतो, ऑल्डरसनबाईंचा भरवसा नाही.

छप्पर वेल्सच्या पाटीच्या दगडाचं.
मला ते पाट्यांचंच छप्पर वाटतं,
मिरजेच्या शाळेत थुंकी लावून पुसायचो तसल्या,
शेकडो, एकीवर एक चढवून ठेवलेल्या,
सगळ्या कोऱ्या.
तीन फुटल्यात.
त्यांच्याखाली आम्ही बादली ठेवतो
आणि मंगळवारी बादली चुकवून टेबलं मांडतो.

मंगळवारी जेवण. शमीमबी डाळ आणते,
ओलेक्सा बीटचं सार,
एकमेकींच्या पातेल्यात चमचा घालून
दोघी तोंड वाकडं करतात, मग पुन्हा घेतात.
किल्ली माझ्याकडे असते.
रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर कुठली तरी किल्ली
हातात असलेली बरी वाटते.

भांडण झालं ते खुंट्यांवरून.
व्हरांड्यात पितळी आकड्यांच्या चाळीस खुंट्या,
सहा वर्षांच्या पोराच्या हाताला येतील अशा.
आपण कोट लावावा तर तो गुडघे टेकून बसतो,
बाह्या फरशीवर, चिखलात.
समितीनं ठराव केला : खुंट्या वर सरकवाव्यात.
बाजूनं अकरा, विरोधात कोणी नाही,
एनिड फेदर त्या दिवशी दवाखान्यात होती.

सुतारकाम ब्रायोनीकडे. ती पेचकस घेऊन आली,
पहिल्या फळीचे चार स्क्रू काढलेही,
तेवढ्यात एनिड आली, वय एक्क्याऐंशी,
हिवाळ्यात झटका येऊन गेलेला,
उजवा हात छातीच्या वर जात नाही.
कोट काढायला तिला वेळ लागतो.
आम्ही मदत करायला जात नाही, तिला आवडत नाही.
काढला. एकतीस नंबरला लावला.
एकाच प्रयत्नात.

"हीच माझी होती," ती म्हणाली,
"तेव्हा टाचा उचलाव्या लागायच्या.
तीस नंबरच्या मुलीच्या कोटाला शेळीचा वास यायचा,
आम्ही तिला फार हसलो.
नाव नाही आठवत. वास आठवतो."
मग ब्रायोनीच्या हातातल्या पेचकसाकडे बघून,
"काय चाललंय?"

कोणी उत्तर दिलं नाही.
शमीमबीनं पातेल्यावर झाकण ठेवलं.
क्लिफर्ड आपल्या चाकाच्या खुर्चीतल्या बायकोकडे बघत होता,
तिचा कोट आजवर तोच मांडीवर घेऊन बसायचा.
ब्रायोनीनं खिशातले चार स्क्रू मोजले
आणि होते तिथे परत बसवले.

पुढच्या सभेत ठराव दुरुस्त झाला :
एक नवी ओळ वर लावावी, जुनी तशीच राहू द्यावी.
त्यावरही तासभर वाद,
वरच्या ओळीला आकडे असावेत की नसावेत.
नाहीत. पितळ महाग आहे.

आयुष्यभर मी लोकांचे खांदे हलवले,
हात किती अंशांपर्यंत जातो ते कागदावर टिपलं.
माझा उजवा गेल्या दिवाळीपासून
वरच्या फडताळाला नाही म्हणतो.
अजून कोणाला सांगितलं नाही.

आज सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडलं,
बादली ओतली, हीटर लावला.
वरची ओळ रिकामी, वार्निशचा वास येणारी.
मी कोट काढला
आणि चौदा नंबरला लावला.
बाही फरशीला टेकली.
टेकू दे.